सतेश्वरी बोडीची एकच पंगत

ऋषिकेशला गंगेकाठच्या आमच्या आश्रमात सतेश्वरी बोडी सव्वीस वर्षं चुलीपाशी आहे. बोडी म्हणजे थोरली काकू; पण सख्ख्या पुतण्यांपेक्षा परक्यांचीच ती जास्त बोडी. पौडीकडच्या डोंगरातली बाई, उंचीला बेताची, आणि आवाज असा की खाली घाटावर अंघोळ करणाऱ्याच्या हातून लोटा सुटावा. भल्याभल्या योगगुरूंना तिनं "आधी ताट घासा, मग शीर्षासन करा" असं सुनावलंय.

आश्रमात माणसं उतरत दोन तऱ्हेची. वर खोल्यांत पॅकेजवाली, आणि खाली लांबलचक दालनात सतरंजीवर झोपणारी: बद्रीनाथ करून आलेली म्हातारीकोतारी, पाठीवर पिशवी टाकून हिंडणारी पोरंपोरी. दालनातल्यांनी जमेल ते द्यावं, नाहीतर दोन तास झाडलोट करावी. जेवायला मात्र सगळे एकाच बसकरपट्टीवर.

मग थपलियाल नावाचे नवे व्यवस्थापक आले आणि त्यांनी सहा मेजं आणवली.

"बोडी, आजपासून खोलीवाले आधी, मेजावर. दालनवाले नंतर, उरेल त्यात."

"उरेल त्यात म्हणजे?"

"म्हणजे उरेल त्यात. जमत नसेल तर दुसरा स्वयंपाकी बघतो."

"माझ्या हातून उरतं ते गाईचं असतं, साहेब."

दुपारी झुजाना नावाची स्लोव्हाकियाची पोर घाटाच्या पायऱ्या झाडून जेवायला आली. दोन महिने रेल्वेच्या साध्या डब्यातून हिंडून गालफडं बसलेली. तिला दाराशीच अडवलेलं बोडीनं पाहिलं, आणि हातातली पळी खाली ठेवली.

मेजं तिनं भिंतीला लावली. पट्टी अंथरली. खोलीवाले, दालनवाले, सगळ्यांना हाताला धरधरून बसवलं, भात आणि कुळथाची डाळ वाढली. थपलियाल फाटकापाशी पाहुणे उतरवून घेत होते. ते धावत येईपर्यंत बोडीनं डोळे मिटून भोजनमंत्र म्हणूनसुद्धा टाकला होता.

आता मंत्र झाला की शेवटचा माणूस उठेपर्यंत मौन. तशी पाटी थपलियालांनीच भिंतीवर रंगवून घेतलेली. गेल्याच आठवड्यात कुजबुजणाऱ्या दोघांना त्यांनी भर पंगतीतून उठवलं होतं.

मग काय विचारता. साहेब दारात उभे, एक हात मेजांकडे, एक पट्टीकडे, चेहरा टोमॅटोसारखा. बोडी त्यांच्याकडे बघत सावकाश वाढतेय. त्यांनी कागदावर काहीतरी खरडून तिच्यापुढे धरलं. तिनं त्यावर लिंबाची फोड ठेवली. झुजानाला तिसऱ्यांदा भात पडला. त्यात शेवटी बसलेला जोशीमठचा आजोबा, तोंडात एकही दात नाही, अर्धा तास घास घोळवत राहिला.

अखेर तो उठला.

"उद्यापासून येऊ नका," थपलियाल म्हणाले.

"येणार."

"मी काढलंय तुम्हाला."

"हा आश्रम ज्यांचा, त्या स्वामीजींनी मला इथं बसवलंय. ते उत्तरकाशीहून खाली येतील, स्वतःच्या तोंडानं सांगतील, तर जाईन."

"मी नवा स्वयंपाकी आणतोय, बोडी."

"आणा की. कणीक मळायला माणूस हवाच होता. पण पंगत एकच बसेल. आणि तुम्ही अजून जेवला नाहीत, बसा."

थपलियाल बसले नाहीत. पोटात कावळे ओरडत होते, तरी बसले नाहीत. बोडीनं त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि संध्याकाळची डाळ निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाचं कुलूप निघायच्या आधीच ती बाहेर उभी होती.

"बोडी, तुम्हाला आत सोडू नका म्हणालेत," रखवालदार खालमानेनं म्हणाला.

"काल भात किती खाल्लास रे तू?"

"दोनदा."

"उघड मग."

त्यानं उघडलं.