अप्पाची साक्ष

तिसरा फटका अप्पाच्या कानावर बसला. पहिले दोन पाठीवर. दोर काथ्याचा, आदल्या दिवसापासून मठाच्या विहिरीत भिजत घातलेला. ओला काथ्या कातडी सोलतो. अप्पा वाकून उभा होता, हात गुडघ्यांवर. कानातून रक्ताची ओळ मानेवर उतरली. मठात शंभरेक माणसं बसली होती. पोथी वाचणारा थांबला नाही. मी नऊ वर्षांची होते. माझ्या हातात अप्पाचा, माझ्या बापाचा, सदरा होता, कारण मार घेताना तो काढून ठेवायचा असतो.

"बोल रे," दोर हातात घेतलेले रायर म्हणाले.

"आम्हीं चोर. आमचे वाडवडील चोर. देवाचें तेल आम्हीं चोरलें."

"मोठ्यानें."

अप्पाने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. मग प्रसाद वाटला. आम्हाला सगळ्यांच्या शेवटी, पायरीखाली.

कुंभकोणममध्ये आमच्यासारखी मराठी बोलणारी बरीच घरं आहेत. तंजावरच्या राजांच्या मागोमाग इकडे आलेली. रायरांचे पूर्वज दरबारात कारकून, आता रायर मठाचे कारभारी. आमचे पूर्वज दिवटे. मशाल धरायची आणि मठातला देवाचा दिवा सांभाळायचा, हे आमचं काम. मठाची एक पोथी आहे. दर कार्तिकात ती वाचतात. तिच्या सातव्या अध्यायात आमचा पूर्वज देवाच्या दिव्यातलं तेल चोरतो, दिवा विझतो, दर्शनाला आलेला राजा अंधारात पायरीवरून पडतो. मग देव स्वप्नात येऊन सांगतो की या दिवट्यांच्या वंशाने चंद्रसूर्य असेतो दरवर्षी माझ्यासमोर तीन फटके खावेत.

स्वप्न रायरांच्या पूर्वजाला पडलं. आमच्या नाही.

अप्पाचा डावा कान त्या वर्षी गेला तो गेलाच. घरी अम्मा हळद लावत होती तेव्हा मी विचारलं, "तेल चोरतांना कोणीं पाहिलें?" अम्माने हळदीच्या हातानेच माझ्या थोबाडीत दिली. "पोथींत आहे," म्हणाली. आमच्या घरात यापुढे कुणी बोलायचं नसतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शाळेत इतिहासाच्या बाई होत्या. तमिळमध्ये शिकवायच्या. एकदा म्हणाल्या, पुराणात गोष्ट असते, इतिहासाला पुरावा लागतो. पुराव्याशिवाय इतिहासाचं पुस्तक एक ओळ लिहीत नाही. मी तो शब्द घट्ट धरला. पुरावा. मला वाटलं, कुणीतरी एक दिवस आमचा इतिहास लिहील, आणि पुरावा शोधायला गेलं की तेल कुणी चोरलंच नव्हतं हे बाहेर येईल. देवाला साकडं घालतात तसं मी इतिहासाला घातलं.

मी तेरा वर्षांची असताना तो माणूस आला. कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. इथल्या मराठी लोकांचा इतिहास लिहीत होते. रायरांनी अप्पाला आपल्या ओसरीवर बोलावलं. अप्पाला नीट ऐकू येत नाही म्हणून मी बरोबर गेले. ओसरीवर आम्ही चौघं. रायर, प्राध्यापक, अप्पा, मी. मागे खुंटीला तो दोर वाळत टांगलेला.

प्राध्यापकांनी विचारलं, तुमच्या घराण्यात काय सांगतात? तो प्रश्न मी अप्पाच्या उजव्या कानात सांगितला. माझ्या तोंडाने. हे मला आयुष्यभर पुरणार आहे. अप्पाने आधी रायरांकडे पाहिलं.

"भिऊं नको," रायर म्हणाले. "खरें तें सांग."

अप्पाला तीनच वाक्यं येत होती. ती त्याने सांगितली. प्राध्यापकांनी लिहून घेतली. कॉफी आली, त्या दोघांना. परत येताना मी खुशीत होते. अप्पाचं बोट धरून म्हटलं, आता हे शोध घेतील बघ, आपला डाग जाईल.

अकरा वर्षांनी पुस्तक आलं. तोवर मी स्वामीमलैला मूर्ती ओतण्याच्या पट्टडीत, म्हणजे कारखान्यात, कामाला लागले होते. सकाळची बस धरायची आणि दिवसभर कानस चालवायची. आमच्याकडे मूर्ती आधी मेणाची करतात, वर माती थापतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. मेणावर कुणाचं बोट उमटलेलं राहिलं तर ते धातूतही येतं. मग आम्ही कानस घेऊन तासन् तास बसायचं. पुस्तकाचं प्रकाशन मठातच झालं. मी एक प्रत घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत भट्टीजवळ बसून उघडली.

सातवा अध्याय तिथे होता. देव नव्हता, स्वप्न नव्हतं, बाकी सगळं होतं. दिवट्यांनी तेलाची चोरी केली, शिक्षा झाली, ती प्रथा आजही चालू आहे. पानाच्या तळाला बारीक अक्षरात पुरावा दिला होता. कुटुंबप्रमुखाने स्वतः दिलेली कबुली.

मी डबा खाल्ला नाही. पोथीचा राग आला नव्हता एवढा त्या पुस्तकाचा आला, कारण पोथीकडून मी काही मागितलं नव्हतं.

रविवारी प्राध्यापकांच्या घरी गेले. म्हातारे झालेत. खुर्ची दिली मला, तेवढी माणुसकी होती.

"मी पोथीवर विसंबलों नाहीं, बाई," म्हणाले. "पोथी ही श्रद्धा. मी माणसाला पुसलें."

"कोठें पुसलांत?"

"रायरांच्या ओसरीवर."

"तिथें कोण कोण होतें?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "तूं होतीस."

"होतें. आणि खुंटीला दोर होता. तो लिहिला नाहींत."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "तुझ्या अप्पानें लिहून देऊं दे कीं भयानें बोललों. पुढच्या छपाईंत बदलतों. पोथींतला शब्द कोणा बदलतां येत नाहीं. पुस्तकांतला येतो." हे मात्र त्यांचं खरं होतं.

मी तसा कागद लिहून घरी आले. अप्पाच्या पुढ्यात ठेवला, हातात पेन दिलं. त्याने कागद सरकवला.

"पोथींत आहे," म्हणाला. "आतां पुस्तकांतही आहे. मज काय पुसतेस?"

पुस्तकाने अप्पाला साक्षीला धरलं होतं आणि अप्पा पुस्तकाला धरून बसला होता. माझं डोकं फिरलं. मी ओरडले, कागद त्याच्या तोंडासमोर नाचवला, भांडं फेकलं, म्हटलं, "तूं चोर नाहींस! एकदां म्हण!" आणि माझा हात त्याच्यावर उठला. मी तो खाली घेतला. पण उठला होता.

अप्पा वाकला. हात गुडघ्यांवर ठेवले. सदऱ्याची गुंडी काढायला लागला.

माझ्या बापाला कुणाचाही उठलेला हात दिसला की तो पाठ देतो. रायरांनी त्याला असं घडवलं, पोथी वाचून, आणि मग त्याच माणसाकडून इतिहासाने कबुली घेतली. त्या दिवशी मी ठरवलं की आता मागायचं नाही. देवाकडेही नाही, प्राध्यापकाकडेही नाही.

कार्तिक आला. अप्पाला उभं राहवत नव्हतं. मठातून निरोप आला, घरातलं कुणीतरी पाठवा. भाऊ मला नाही. मी गेले. म्हातारे रायर खुर्चीत बसले होते, दोर त्यांच्या मुलाच्या हातात. बाई उभी राहिलेली त्या जागेवर कुणी पाहिली नव्हती. कुजबुज झाली, पण पोथी चालू राहिली.

"वाक," मुलगा म्हणाला. "बेगीन."

मी वाकले नाही. पहिला फटका खांद्यावर आला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसरा मी हातात पकडला. तळवा फाटला. पण दिवसभर धातू घासणारा हात आहे हा. दोर मनगटाला गुंडाळला आणि सगळा जोर लावून ओढला. रायरांचा मुलगा दोन पायऱ्यांवरून तोंडावर आला. नाक फुटल्याचा आवाज मी ऐकला.

पोथी थांबली. माझ्या जन्मात पहिल्यांदा.

मग ते आले. सहा, सात, मोजले नाहीत. एकाने केस धरले, दगडी खांबावर डोकं आपटलं. पोटात लाथा. ज्यांच्या पोरांबरोबर मी शाळेत गेले त्यांच्या लाथा. दोन दात गेले, एक बरगडी मोडली. मी दोर सोडला नाही. रक्ताच्या तोंडाने ओरडत होते, "तेल चोरतांना कोणीं पाहिलें? एक नांव सांगा! एक!"

"पोथींत आहे," कुणीतरी म्हणालं.

"पोथी कोणीं लिहिली?"

"देवानें," म्हातारे रायर म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. ते भ्यायलेले मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

हातातला दोर घेऊनच मी पोलिसांत गेले. त्यांनी मिटवून टाका म्हणून सांगितलं. मी मिटवलं नाही. तिसऱ्या दिवशी अप्पाने दोर मागितला, मांडीवर घेतला, बोटांनी चाचपत बसला. कागदावर सही त्याने अजून केलेली नाही. करील असं वाटत नाही.

म्हणून मी माझी साक्ष लिहून प्राध्यापकांना दिली. प्रश्न अप्पाच्या कानात मी घातला होता, तेव्हा साक्षीदार मीही आहे. त्या दिवशी ओसरीवर चौघं होते. एकाने विचारलं, एकाने खरं सांग म्हणून दरडावलं, एक अर्धा बहिरा होता आणि एक मी. दोर खुंटीला होता. कुणाच्या घरातला, कुणाच्या पाठीसाठी, सगळं नावानिशी लिहिलंय. खाली सही. चुकलं असेल तर समोर येऊन खोडा, पोथीसारखं देवाच्या आड लपवलेलं नाही.

ते छापणार की नाही, अजून कळवलेलं नाही. न छापोत. पुढच्या कार्तिकात सातवा अध्याय उघडला की मी मठाच्या दारात उभी राहून माझा कागद वाचणार, पोथीपेक्षा मोठ्याने. दोर माझ्या घरी आहे, परत मिळणार नाही. कुणाला नवा भिजत घालायचा असेल तर घालावा. पण तो माझ्यावर उचलायला येताना आपला हात घरी ठेवून यावं, नाहीतर तोही परत मिळणार नाही.