दोन कानांचा धवला

नवे इअरबड घेतले की मी ते आधी तानपुऱ्यावर लावून बघतो. तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या नाहीत तर पुढे जाण्यात अर्थ नाही. मग लावणीची ढोलकी, मग हळदीचा बेंजो. आमच्या मानपाड्याला हळदीत बेंजो थेट छातीत वाजतो. कानात तो नुसता धपधप करू लागला की मी नाक मुरडतो. मला स्वतःला सूर लागत नाही, म्हणून घरचे म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं.

त्या दुपारी पंखा आणि पडदा, दोघंही पेंगत होते. आई पलंगावर तांदूळ निवडत होती. आई धवलारीण, लग्नात धवले म्हणजे विधींची गाणी म्हणणारी. आमच्या लग्नांत तिच्या धवल्यांवर विधी पुढे सरकायचे. ती ओळ म्हणायची, काकू ती उचलायची. काकू गेली आणि आईनं गाणं सोडलं. आता माझ्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं, तिला आईचेच धवले हवे होते, आणि आईचं एकच, "मना येकटीला नाय जमाचा." मला ते फार लागायचं.

मोबाइलवर दोघींचा एक जुना धवला होता, दोघींच्या मधे बसून मी रेकॉर्ड केलेला. तो लावला. सवयीनं एक इअरबड आईच्या कानात, एक माझ्या. आमच्याकडे सगळं वाटूनच. आई ऐकत राहिली आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाली की यात ती स्वतः एकटीच गातेय. मला कळेना, कारण माझ्या कानात तर काकूच गात होती, आई कुठेतरी लांब. मग लक्षात आलं. रेकॉर्ड करताना आई माझ्या डावीकडे होती, काकू उजवीकडे, आणि आवाजही तसेच दोन बाजूंना उतरले होते. डावी बाजू तिला, उजवी मला देऊन मी दोघी जावांची ताटातूट केली होती. इअरबडमधले दोष काढणाऱ्याची ही अक्कल.

माझा काढून मी तिच्या दुसऱ्या कानात घातला.

आईचे डोळे मिटले. मला आता फक्त पंखा ऐकू येत होता. जरा वेळानं ती गाऊ लागली, कान बंद असलेला माणूस बोलतो तशी मोठ्यानं. एक ओळ म्हणून थांबली. काकूची ओळ संपेपर्यंत मान डोलवत राहिली, आणि पुढची म्हणाली.

मग डोळे न उघडताच तिनं विचारलं, "लग्नान ह्ये घालून गायली त चालल का?"

मी हो म्हणालो. ते तिला ऐकू गेलं नाही. काकूची ओळ चालू होती.