स्थळ सांगितलं अख्ख्या देशाला

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग सांगतो. मागच्या वेळी ऐकताना एकाच्या नाकातून बाहेर आला होता. माणसं घोळ घालतात ते सोसायटीत, फार तर सासुरवाडीला. मी घातला तो थेट आंतरराष्ट्रीय!

आमची शीतल, एकुलती एक, नोकरीसाठी एका बेटावरच्या देशात असते. देशाचं नाव घेत नाही. इतका लहान आहे तो, की इथं खांदेश्वरला नाव घेतलं तर तिथं ऐकू जाईल. सकाळी गाडी काढली तर जेवणवेळेच्या आत देश संपतो. पूर्वी उसाच्या मळ्यांवर गेलेल्या आपल्या लोकांची पतवंडं तिथं आहेत, अजून गणपती बसवतात. तिथल्या सरकारी रेडिओवर आठवड्यातून एकदा मराठी कार्यक्रम लागतो आणि त्यात असतो ‘माहेरचा फोन’. इकडच्या एखाद्या आईबापाला फोन लावायचा, दोन शब्द बोलायला लावायचे. शीतलनं आमचं नाव दिलं.

तिनं बजावलं होतं, “पप्पा, मार्केटचं बोला, हवापाण्याचं बोला. माझ्याविषयी एक शब्द नको.”

मी हो म्हटलं. बापाचं हो म्हणजे काय असतं, तुम्हाला ठाऊक आहे.

आता माझी बाजूही ऐका. वाशीच्या मार्केटात आमच्या कांद्याच्या गाळ्यावर एक रेडिओ चालू असतो. तो कुणी लावतो माहीत नाही, ऐकत कुणी नाही, आणि बंद करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. पीकसल्ला, सतार, बातम्या, सगळं गोण्यांवर सांडून जातं. मला वाटलं, तिकडंही तसंच असणार. ऐकून ऐकून ऐकणार कोण? ती निवेदिका आणि काचेपलीकडचा एखादा पेंगुळलेला माणूस!

निवेदिकाबाई फार गोड. म्हणाल्या, मुलगी एवढी लांब, काळजी वाटते का? झालं! माझ्यासारख्याला असा प्रश्न विचारायचा असतो का? मी सुटलोच. काळजी एकच, लग्नाची. पोरगी गुणाची, पगार चांगला, स्वयंपाक येतो (थाप), स्वभाव शांत (महाथाप). बाप म्हणाल तर निम्मी नवी मुंबई त्याच्या कांद्यावर जेवते (ही तर विचारूच नका). तुमच्याकडे एखादा निर्व्यसनी मराठी मुलगा असेल तर जरूर कळवा. एवढं बोलून मी समाधानानं पोहे खायला बसलो.

दोन दिवसांनी शीतलचा फोन आला, तेव्हाही हातात पोह्यांचीच प्लेट होती, अर्धी.

तिकडचा रेडिओ म्हणजे रेडिओ नाहीच हो, तो देशाचा पार आहे! वादळ कुठवर आलं, पाणी कुठे येणार नाही, कोण गेलं आणि कितीला नेणार, कुणाचा बैल सुटलाय, सगळं त्याच्यावर. त्यामुळं दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात, पोलीस चौकीत तो सदा चालू. बसच्या कंडक्टरनं तिला तिकिटाबरोबर मावसभावाचा पगार सांगितला. बँकेतल्या साहेबांनी पासपोर्ट परत दिला, त्यात त्यांच्या पुतण्याचा फोटो. घरमालकिणीकडे पत्रिकांची चळत जमली.

“म्हणजे स्थळं आली की,” मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता.

मग ती म्हणाली, “पप्पा, स्थळ आहे. नितेश. गणपतीत आम्ही घरी येऊन सांगणार होतो.”

तर हा नितेश तिथलाच, मराठी, शिक्षक. त्याच्या आईनं शीतलला सून मानलेलं, दर रविवारी जेवायला बोलावून खाऊ घातलेलं. त्या दिवशी ती माउली डाळ शिजवत रेडिओ ऐकत होती, आणि ऐकलं काय? होणारे व्याही सगळ्या राष्ट्राकडे जावई मागतायत! तिचा समज झाला, आमचं घर ह्यांच्या खिजगणतीतही नाही. तेव्हापासून ती शीतलचा फोन उचलत नव्हती. पोरगी हुंदके देत होती आणि मी हातात पोह्यांची प्लेट धरून उभा.

आमची ही सगळं ऐकत होती. तिनं माझ्या डोक्यावरचा पंखा तेवढा बंद केला.

मग मीच निवेदिकाबाईंना गाठलं. म्हटलं, एक छोटीशी दुरुस्ती सांगून टाका, स्थळ बघणं बंद आहे. बाई म्हणाल्या, तसं नाही चालत, हा जनतेचा रेडिओ आहे. एका बाजूचं ऐकवलं की दुसरीलाही तेवढाच वेळ. मुलाच्या आईंनी तो मागितलाय, तुम्ही दोघं फोनवर समोरासमोर या. घ्या! आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला कधी कुणी दोन वाक्यं बोलू दिली नाहीत, आणि इथं परक्या देशात न्याय माझ्या मागे हात धुऊन लागला.

पुढच्या आठवड्यात कार्यक्रम सुरू झाला. नितेशच्या आईचं मराठी जुन्या वळणाचं, एकेक शब्द तोलून. “व्याहीबुवा, आमचा मुलगा आपल्याला पसंत नाही काय?”

“अहो ताई, मला माहीतच नव्हतं.”

“पोटची मुलगी, आणि आपल्यालाच ठाऊक नव्हते?”

बसा आता! थाप मारावी तर सगळा देश कान लावून बसलेला. खरं तेच तोंडातून निघालं. “ती सांगायला येते हो, पण मीच बोलत असतो.”

मग त्या म्हणाल्या, “हे मात्र खरे वाटते. मुलगी आमची. लग्न इथे होईल. अट एकच.”

सोनं मागते की काय ही बाई, तेही सरकारी रेडिओवर?

“मंगलाष्टकांपासून वरातीपर्यंत आपण माईक हाती धरायचा नाही.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला. “विहीणबाई, अट मान्य आहे,” ही म्हणाली. “फक्त ती लग्नापुरतीच का ठेवलीत?”

सगळा देश हसला म्हणे. मला खुलासा करायचा होता, पण वेळ संपला होता, आणि दोन्ही बाजूंचं बोलून झालं होतं.