गिरणीमागचा पखवाज

"दळण किती हाय, भाऊ?"

गिरणीच्या दारात पाऊल टाकताच तात्यांचा हा प्रश्न. तळेघरला माझी पिठाची गिरणी आहे. रांग लांब दिसली की गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं होतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. तात्यांचं मात्र खुलायचं. हातात नाचणीचा एवढासा डबा, खांद्यावर भलंमोठं गाठोडं.

"होऊ द्या आधी सगळ्यांचं. मला घाई न्हाई."

मग मूठभर कणीक मागून गिरणीमागं जायचे. मुंग्यांना घालत असतील, अशी माझी समजूत. एवढा देवमाणूस पंचक्रोशीत नाही, असं मी चारचौघांत सांगूनही बसलो होतो.

एकदा पोतं झटकायला मागं गेलो, तर जांभळीखाली तात्या पखवाज वाजवत बसलेले! कणीक पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली. गिरणीच्या घरघरीत थाप मलाही ऐकू येईना, नुसती बोटं दिसत होती.

"घरी का नाही वाजवत?"

"शेजारी वहिनी ऱ्हातात. त्यांचा मालक भजन म्हनायचा, मी साथीला. त्यो गेला. आता थाप ऐकली तर त्यांना रडू फुटंल. आन् न्हाई वाजवलं, तर माझा हात जातोय."

त्या दिवसापासून मी दळण जरा सावकाशच दळू लागलो. लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

मग एका दुपारी लाईट गेली. गिरणी थांबली आणि मागून पखवाज स्वच्छ ऐकू आला. तात्या डोळे मिटून तंद्रीत, गिरणी थांबल्याचा त्यांना पत्ताच नाही. नेमक्या रांगेत वहिनी! डबा खाली ठेवून त्या तडक मागं गेल्या. मी घाबरून पाठोपाठ.

तात्यांनी डोळे उघडले आणि दोन्ही हात पखवाजावर दाबले. "चुकलं, वहिनी."

"भावजी, मला वाटलं, ह्यांच्या मागं तुमी वाजवायचंच सोडलं. दीड वरीस त्येच लई मनाला लागलं व्हतं. घरी वाजवा की!"

तेव्हापासून तात्या रोज संध्याकाळी आपल्या ओट्यावर वाजवू लागले, आणि गिरणीत इतरांसारखीच घाई करू लागले. खरं सांगतो, मला ते जरा लागलंच.

यंदाच्या थंडीत तात्या गेले. एकटा जीव, घराला कुलूप लागलं. दहाव्याच्या संध्याकाळी वहिनींनी स्वतःच्या ओट्यावर भजन ठेवलं. डिंभ्याहून आलेला पखवाजवाला, दुखवटा आहे म्हणून, दबकत थाप मारत होता. वहिनी उठून त्याच्याजवळ गेल्या.

"जरा मोठ्यानं वाजवा, पावणं. शेजारी ऐकू जाऊ द्या."