हव न म्हणण्याची परीक्षा

आमच्या रिठदमध्ये तुम्ही गप्प बसून कोणाचं ऐकलंत तर तो माणूस अर्ध्यात थांबतो आणि विचारतो, "आयकून राह्यली का झोपली व?" ऐकणाऱ्यानं मधूनमधून 'हव' म्हणायचं असतं. हव म्हणजे हो. पण हे हव एकदा म्हणून संपत नाही, ते बोलणाऱ्याच्या वाक्यावाक्याला टेकू देत जातं. "हव... हव ना... अरे बापा... हव." माझी मोठीआई, म्हणजे थोरली काकू, कस्तुराबाई फोनवर असताना दोन श्वास गप्प राहून पाहा. "हॅलो? हॅलो! मेला वाट्टे फोन," म्हणून ती ठेवून देते.

या कामात अख्ख्या गावात एक नंबर माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, पुंजाजी. ज्याचं बायकोशी वाजलं, ज्याचा भाऊ बांधावरून बोलेनासा झाला, तो संध्याकाळी मोठेबाबांच्या ओट्यावर. मोठेबाबा सल्ला कधीच देत नाहीत. मान खाली, बोटांत तुरीची शेंग, आणि "हव." फेकणाऱ्यासाठी एक हव आहे, आखूड, नाकातलं. रडणाऱ्यासाठी वेगळं आहे, लांब, खालच्या पट्टीतलं, विहिरीतून आल्यासारखं. माणूस हलका होऊन उठतो आणि जाता जाता म्हणतो, "पुंजाजीभाऊ, लय बरं सांगतलं तुमी." सांगितलेलं काहीच नसतं!

राखीताई त्यांची मुलगी. नाक आणि उंची जशी त्यांच्याकडून आली तसं हवही आलं. आणि त्याच 'हव'नं ती बुडत होती.

ताई नागपूरकडच्या एका कॉलेजात विमानशास्त्राची पदवी शिकते, शेवटचं वर्ष. 'पोट्टी इमान चालोते' असं गावानं परस्पर ठरवून टाकलं आहे. विमानतळावरच्या मनोऱ्यात बसून विमानांना थांब, वर जा, आता उतर असं सांगायचं, ते काम मी शिकते, हे तिनं कितीदा समजावलं. माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या देवमनकाकांनी, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे कंडक्टर! डबल बेल देल्ली का निंगाली गाडी." एरवी या शब्दावरून तिनं बाबांना दिवसभर सोडलं नसतं. यावेळी नुसती म्हणाली, "हव काका, तसंच."

काहीतरी बिघडलंय हे मला तिथंच कळलं.

हिवाळ्यात ती अचानक घरी आली होती. "सुट्ट्या हायेत," एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला शेतात घेऊन गेली, तुरीत शिरली आणि खालीच बसली.

"सुके, कोणाले सांगू नको. मी नापास झाली. एक डाव नाई, दोन डाव."

नापास झाली होती रेडिओच्या प्रॅक्टिकलमध्ये. एका खोलीत ताई हेडफोन लावून बसते, ती मनोरा. दुसऱ्या खोलीत सर, ते विमान. बोलायचं असलं की बटण दाबायचं, ऐकायचं असलं की सोडायचं. बटण दाबलेलं असताना समोरचं काहीच ऐकू येत नाही. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, आणि त्यात चूक झाली तर पहिल्यानं ती तिथल्या तिथं दुरुस्त करायची. गप्प बसला तर चूकच पक्की धरली जाते.

सर सांगत होते, "टॉवर, आम्ही उत्तरेकडून येतोय, उंची..." आणि ताईचा अंगठा आपसूक खाली. "हव." उंची गेली! पुन्हा विचारलं. सर पुन्हा सांगू लागले, पुन्हा "हव." शेवटी सर विमानातून उतरून तिच्या खोलीत आले. हे सर नाकातून आणि फार शुद्ध बोलतात. "मिस राखी, मी विमान आहे. मला तुमची संमती नकोय, मला धावपट्टी हवीय."

मला खूप हसू आलं, पण ताई रडत होती.

"तिसऱ्या डावालेबी नापास झाली तर आख्खं वर्ष पुन्हा. अन् मले पुन्हा पाठवते का कोणी? आईनं मंगरूळचे पाहुणे पाहूनच ठेवले. या सालाची पदवी होऊ द्या म्हन्ते, मंग लग्नाचं बोलू."

त्या दिवसापासून शेतातल्या खोपीत आमचं विमानतळ सुरू झालं. ताई आत, हातात बॅटरी. मी बाहेर, कुडाच्या फटीला डोळा लावून. बॅटरी लागली म्हणजे बटण दाबलं, आणि माझं विमान असेल त्या शब्दावर मुकं. मी दिल्लीचा कॅप्टन झाले, जो 'टॉवर जी' म्हणतो. घाईतला मद्रासी कॅप्टन झाले. भूगोलाच्या सरांसारखा दर वाक्याला जांभई देणारा कॅप्टनही झाले. कोणालाच धड उतरता येईना. चार शब्द झाले की उजेड पडायचाच.

मग तिनं तोंडात पाणी धरलं. मी बोलेपर्यंत गिळायचं नाही. हव अडलं, पण अंगठा अडेना. आतून 'गुळुक' आणि बॅटरीचा उजेड. ताईनं पाणी थुंकलं, हात उखळाच्या दगडावर ठेवला आणि दुसऱ्या हातातल्या बॅटरीनं स्वतःचा अंगठा ठेचू लागली. मी धावत जाऊन तिचे दोन्ही हात धरले.

"सोड मले. माह्यात खोटच हाये व. मले आयकताच येत नाई."

"हळू हळू जाईन ना ताई."

"कवा जाईन? पुढच्या सोमवारी परीक्षा हाये!"

मग तिनं ठरवलं, घरीसुद्धा हव बंद. कोणालाच म्हणायचं नाही.

त्या संध्याकाळी मोठेबाबा ओट्यावर बसून तिला विहिरीच्या मोटारीचं सांगत होते. मोटार कशी जळली, मेकॅनिक कसा फसवून गेला. ताई समोर बसली, ओठ मिटून. मोठेबाबा एक वाक्य बोलले आणि थांबले. दुसरं अर्धं बोलले आणि थांबले. मग तिच्याकडे पाहिलं.

"काय झालं व बाई? माह्यावर रागावली का?"

ताईनं मान हलवली. आवाज नाही. मोठेबाबा शेंग टाकून उठले आणि गोठ्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी ते तिच्याशी बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी तर ती ओट्यावर आली की ते उठून जायला लागले. गावाची माणसं येऊन रडून जात होती आणि घरातलं माणूस त्यांच्याशी मुकं झालं होतं.

मोठीआई भाकर थापता थापता फुटली. "बापाले हव म्हणाले तोंड दुखते का तुहं? शिकून लय शायनी झाली! नागपूरचं पाणी लागलं वाट्टे! तो माणूस जेवून नाई राह्यला दोन दिवसांपासून, दिसते का तुले?"

"आई, गप्प बस."

"मी कायले गप्प बसू? गप्प तर तू बसली!"

"मी नापास झाली!" ताई ओरडली. "दोन डाव! हव म्हणल्यानं नापास झाली! तिकळे माणूस बोलून राह्यला का मधात हव म्हणाचं नसते, इमान पडते! मले सवय तोडाची हाये, समजलं?"

तव्यावरची भाकर करपली, कोणी उलटली नाही. मोठेबाबा दारात उभे होते.

"म्हंजे माह्यानंच झालं," ते म्हणाले आणि निघून गेले.

ताईनं त्यांच्या मागे जायला पाऊल उचललं, पण गेली नाही. काय म्हणणार होती ती? नाही बाबा, तुमच्यानं नाही? ते खोटं ठरलं असतं.

सकाळी आम्ही खोपीत पोचलो तर मोठेबाबा आधीच कुडाबाहेर, माझ्या जागेवर, उकिडवे बसलेले. गळ्यात दुपट्टा. खोपीतला खेळ त्यांनी रात्रीच माझ्याकडून समजून घेतला होता. मला म्हणाले, "सरक. आज इमान मी." ताईनं आत जाऊन बॅटरी उचलली.

"हॅलो. मी पुंजाजी इमान, रिठदवरून येऊन राह्यलो. मले कोठी उतरावं ते समजून नाई राह्यलं. पोरगी दोन डाव नापास झाली, तिनं मले सांगतलं नाई. मी साऱ्या गावाचं आयकतो अन् माह्या घरातलं मले आयकू आलं नाई. खाली सगळा अंधार दिसते. पेट्रोल सरत आलं. झालं माहं."

मी फटीतून पाहत होते. ताईचा अंगठा बटणावर होता, पण बॅटरी लागली नाही. त्यांचं शेवटचं वाक्य संपलं, आणि मग उजेड पडला. ताईनं सगळं परत म्हटलं, एकही शब्द न गाळता. रिठदवरून. दोन डाव. सांगतलं नाई. अंधार. पेट्रोल. मोठेबाबांनी तोंडात दुपट्ट्याचं टोक कोंबलं होतं, स्वतःचं हव बाहेर पडू नये म्हणून.

सोमवारपर्यंत ते रोज आले. ताईचा अंगठा शहाणा होत गेला. रविवारी ती गाडीत बसली तेव्हा मला वाटलं, उतरलं विमान.

सोमवारी दुपारी फोन आला. आम्ही सगळे ओट्यावर होतो. मोठेबाबांनी स्पीकर लावला.

"बाबा, सगळं बरोबर झालं. सगळं. आखरीले सर म्हणे, इंजिन बंद पडलं, इमान खाली येऊन राह्यलं. त्यायनं इतका भेलेला आवाज काढला बाबा, खरंच कोणी मरून राह्यलं असं वाटलं. इमानात माणसं किती हायेत ते सांगत होते, अन् मी..." ती थांबली. "मी हव म्हणलं. तुमचं ते, लांबवालं. माणसं किती होती ते मले आयकूच आलं नाई. नापास केलं. वर्ष गेलं, बाबा."

मोठीआईनं पदर तोंडाला लावला. मोठेबाबांचा चेहरा हलला, ओठ उघडले, आणि त्यांनी ते मिटून घेतले. एकही हव नाही.

"बाबा? हॅलो? आयकून राह्यले ना?"

ते फोनजवळ वाकले. एकेक शब्द मोजून टाकावा तसे बोलले.

"आयकलं. सगळं बरोबर झालं. आखरीले इंजिन बंद पडलं. सर भेलेले होते. तू हव म्हणलं. माणसं किती ते आयकू आलं नाई. नापास केलं. वर्ष पुन्हा कराचं."

ताई 'वर्ष गेलं' म्हणाली होती. मोठीआईनं पदराआडून मोठेबाबांकडे पाहिलं, ती बोलेल असं वाटलं, पण बोलली नाही. मोठेबाबांनी विचारलं, "बरोबर?"

चूक असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त करायची असते. पलीकडून कोणी दुरुस्त केली नाही. नुसता हॉस्टेलच्या जिन्यावरचा गलका येत राहिला.

मग फोनमधून आलं, लांब, खालच्या पट्टीतलं,

"हव."