बाजाराचा दिवस सोडून

सणसवाडीच्या एका कंपनीत आप्पा आणि मी पॅकिंगला होतो. मी सुपरवायझर, ते माझ्या हाताखाली. पण वयानं मोठे, म्हणून सगळे त्यांना आप्पाच म्हणायचे. तळेगाव ढमढेऱ्याचा आठवडी बाजार असला की आप्पा हमखास उशिरा यायचे, तेही दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन. सगळ्या लाइनचा बाजार तेच करायचे. बिहारच्या पोरांना शेंग मोडून दाखवायचे, "ये गवार देखो, एकदम कवळी है!"

आमचं पॅकिंग खातं बंद झालं. आप्पांना दुसऱ्या कंपनीत लागायचं होतं, म्हणून ते शिफारसपत्र मागायला घरी आले. मी लिहून वाचून दाखवलं: प्रामाणिक, कष्टाळू, वक्तशीर.

"वक्तशीर काढा, सायेब."

"अहो आप्पा, सगळे असंच लिहितात."

"लिवू द्या की त्यांना. बाजाराच्या दिवशी मी कवा येळंवर आलोय? उद्या उशीर झाला तर खोटं तुमी पडाल."

मी वैतागलो. या वयात मिळत असलेली नोकरी हा माणूस स्वतःच्या हातानं घालवायला निघाला होता! शेवटी चिडूनच लिहिलं, 'बाजाराचा दिवस सोडून वक्तशीर.' आप्पांनी खुशीत कागदाची घडी घातली.

पुढच्या महिन्यात तिथल्या मॅनेजरचा फोन आला. "तुमचे आप्पा आज उशिरा आले."

मी घाईनं विचारलं, "मग? काय म्हणालात त्यांना?"

"काय म्हणणार? पुढच्या बाजाराला माझीपण पिशवी घेऊन जा म्हटलं."