ताईचं रक्त कमी निघालं

सर्वेवाली मॅडम पहिल्यांदा आमच्या घरी आली तवा आईनं पोहे केलते. चूक आईची नाई. गिरडच्या अलीकडं आमचं गाव. तिथं खांद्याले पर्स लटकवलेली अनोळखी बाई घर विचारत आली, अन् घरात बारावीतली पोरगी आहे का म्हणे, तं त्याचा अर्थ एकच निघते. आईनं ताईले साडी नेसवली. बाबानं किराणा दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

मॅडमनं समजावून सांगतलं. वयात येणाऱ्या पोट्ट्यापोट्ट्यायचा अभ्यास चालू आहे. तब्येत कशी, शाळा कशी, मन कसं राह्यते, पुढं काय कराचं. दरवर्षी त्याच लेकरायले विचाराले येणार. ताई बारावीत, मी अकरावीत, दोघंही त्याच्यात.

"म्हंजे पोरगी पाहाले नाई आल्या तुमी?" आई म्हणे.

"नाही हो काकू, मी फक्त विचारायला आलेय."

"मंग काजू उगाच टाकले पोह्यात."

मॅडमनं ताईले भिंतीले टेकवून उंची मोजली, काट्यावर उभं केलं. काय शिकली, काही आजार आहे का, घरातलं काम कोण करते? खरं सांगू, पोरगी पाहाले येणारेही हेच विचारते. फक्त काटा घेऊन येत नाई.

मंग म्हणे, आता हिच्याशी एकटीशी बोलायचं आहे, सगळे बाहेर व्हा. आमी झालो बाहेर. बाहेर म्हंजे खिडकीखाली. आई, बाबा, मी, अन् जिरं घ्याले आलेली शेजारची काकू.

"बारावीनंतर काय करायचं ठरवलंयस?"

"नर्सिंग. वर्ध्याले."

बाबा खिडकीखालीच पुटपुटले, "हे मले काऊन नाई सांगतलं इनं?"

"तुमी विचारलं कवा?" आई म्हणे.

शेवटी बोटाले सुई टोचून दोघायचंही रक्त तपासलं. मॅडम दारात आली. आवाज असा का शाळेच्या मैदानात प्रार्थना सांगून राह्यली.

"मुलीच्या अंगात रक्त कमी आहे. दवाखान्यात न्या, गोळ्या मिळतात. आणि मुलाचं तर तिच्यापेक्षाही कमी आहे!"

काकूनं पयलं वाक्य ऐकलं अन् जिरं घेऊन निघाली. शेवटच्या वाक्यापर्यंत ती तिच्या घरी पोचली असन.

दुसऱ्या दिवशी दुकानात जी बाई आली ती साखर कमी अन् ताईची तब्येत जास्त विचारे. मी सगळ्यायच्या नकला करून ताईले दाखवल्या. काकू पदर सावरत म्हणते, "मले काय घेणं बापा, पण पोरीच्या अंगात रक्तच नाई म्हणे." ताई पोट धरधरून हासे. "मॅडमची कर न आता," म्हणे. मी हनुवटी वर करून मॅडम होई.

बाबा नाई हासले.

माह्यं रक्त कमी, म्हून माह्यासाठी अंडे आले. आमच्या घरात अंडं कवाच शिजलं नव्हतं. आईनं मांगच्या अंगणात वेगळी चूल मांडली, अंडे उकडाले वेगळं गंज ठेवलं. ताईचं रक्त कमी, म्हून तिच्यासाठी वडनेरचं स्थळ आलं.

"गोष्ट पसरायच्या आंधी उरकून टाकू," बाबा म्हणे.

ताई म्हणे, "बाबा, सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकटात भेटते. मी जाते न घ्याले."

"तिथं गेली तं लोक पाहतीन. बिमार आहे हे पक्कं होईन."

"मंग नर्सिंगचा फॉर्म तं भरू द्या."

"सासरचे भरतीन."

मी मधात बोललो, "माह्यं तं तिच्याहून कमी आहे. माह्यंही लावून टाका लग्न."

सगळे हासले. बाबाही हासले. ताई माह्याकडं पाहत राह्यली.

बारावीचे पेपर झाले अन् उन्हाळ्यात लग्न झालं. तिले अठरा पूर्ण होते. कायद्यानं सारं बरोबर.

पुढच्या वर्षी मॅडम आली तवा घरात मी एकटाच होतो यादीतला. हातात टॅब घेऊन विचारे, "घरातले महत्त्वाचे निर्णय कोण घेतं?"

"काकू."

"काकू घरात राहतात?"

"नाई. जिरं घ्याले येते."

तिनं 'इतर' दाबलं.

ताईलेही विचाराचं होतं, म्हून घर दाखवाले मी मॅडमच्या गाडीत वडनेरले गेलतो. ताईले सहावा महिना लागला होता. यावेळी खिडकीखाली ताईची सासू बसली. बोट टोचल्यावर तीच आत डोकावली, "किती निघालं मॅडम?"

मॅडम हळूच म्हणे, "ते फक्त हिलाच सांगायचं असतं. नियम आहे आमचा."

निघता निघता गाडीपाशी मी विचारलं, "मांगच्या वर्षी नोता का हा नियम?"

मॅडम टॅब पर्समधे टाकत राह्यली. "होता," म्हणे.

ताई मले पोचवाले फाटकापर्यंत आली. "भरलं रे माह्यं रक्त," म्हणे. "सासू रोज समोर उभी राहून गोळी देते. लेकरासाठी."

"अन् नर्सिंगचं काय सांगतलं मॅडमले?"

"विचारलंच नाई. लग्न झालेल्यायले वेगळे प्रश्न राह्यते म्हणे." फाटकाची कडी ती उगाच वर-खाली करून राह्यली होती. "तुले येते न अजून मॅडमचा आवाज? घरी गेला का काकूच्या दारात जाजो. मॅडमसारखंच मोठ्यानं सांगजो. आता भरलं म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. काकू अंगण झाडत होती. मी खांद्याले नसलेली पर्स लटकवली, हनुवटी वर केली, अन् अख्ख्या गल्लीले ऐकू जाईन असं बोललो.

"मुलीच्या अंगातलं रक्त आता व्यवस्थित आहे!"

काकूनं झाडू टाकला. हासू हासू तिच्या डोयात पाणी आलं.

"हुबेहूब रे बापा! थांब, थांब, सुनेले बलावते, तिच्यासमोर कर एकखेप."

सून हात पुसत आली. मी पुन्हा केलं, जास्त मोठ्यानं.

"कोणत्या मुलीचं?" सून विचारे.

"कोणाचंच नाई वं," काकू म्हणे. "नकला करते तो."